हातचाक की पायचाक? प्राचीन इजिप्तच्या कुंभाराची दोन चाकं

सक्कारा इथल्या ‘ती’ नावाच्या अधिकाऱ्याच्या थडग्यात, पाचव्या राजवंशाच्या काळातलं (इ.स.पू. 2400 च्या सुमाराचं), हातानं फिरवायचं बुटकं चाक कोरलेलं आहे. एक हात चाकाला गुंतला की मातीवर एकच उरतो, वेगही टिकत नाही. म्हणून मोठ्या भांड्याचं अंग आधी वळ्या रचून उभारायचं आणि चाकावर गळा-काठ सारखा करायचा. वळ्यांचा सांधा नीट दाबला नाही, तर भांडं वाळताना तिथेच तडकतं.

पायचाक बरंच उशिरा, इ.स.पू. 500 च्या सुमारास दिसतं. खार्गा मरूद्यानातल्या हिबिस मंदिरातल्या कोरीव चित्रात ख्नुम, म्हणजे चाकावर माणसं घडवणारा देव, ते पायानं फिरवतो आहे. दोन्ही हात मोकळे, त्यामुळे भिंत एकसारखी वर चढते. पातळ भांड्यांसाठी हेच सरस. आपला कुंभार जड चाकाला काठीनं गती देऊन हात मोकळे करतो.