घरीच शिकणाऱ्या मुलांचा शरद ऋतू आणि एक ८×४२ दुर्बीण

मुलांना शाळेत न घालता घरी शिकवणाऱ्या कुटुंबाने दुर्बीण घ्यावी का, आणि घ्यायची झाल्यास कधी घ्यावी, असे कोणी विचारले तर माझे उत्तर असे की ती शरद ऋतू लागण्यापूर्वी हातात असावी. जिथे झाडांची पानगळ होते अशा प्रदेशांत हा ऋतू दुर्बिणीसाठी विशेष सोयीचा असतो. उन्हाळ्यात नीट अंधार पडेपर्यंत लहान मुलांची झोपायची वेळ उलटून गेलेली असते, आणि झाडे पानांनी इतकी गच्च भरलेली असतात की ज्याचा आवाज कानावर येतो तो पक्षी डोळ्यांना सापडत नाही. हिवाळ्यात आकाश सुरेख असते, परंतु थंडीमुळे मुले बाहेर फार वेळ टिकत नाहीत. शरदात फांद्या विरळ होऊ लागतात, संध्याकाळ लवकर होते आणि अंगावर एखादा जाडसर कपडा असला की तासभर सहज बाहेर बसता येते. आमच्या घरी या ऋतूतले उत्सव म्हणजे संपाताचा, म्हणजे दिवस आणि रात्र जवळपास सारखे असण्याचा दिवस, पानगळीच्या सहली आणि पौर्णिमेची रात्र. या सगळ्यांत जी एक वस्तू सतत हाताशी राहिली, तिचे हे परीक्षण आहे.

आमची दुर्बीण ८×४२ या मापाची, सरळ नळ्यांची, मध्यम किमतीच्या वर्गातली आहे. उत्पादकाचे नाव मी मुद्दाम देत नाही, कारण याच मापाच्या आणि जवळपास याच दर्जाच्या दुर्बिणी अनेक कंपन्या बनवतात आणि पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष त्या वर्गाचेच आहेत. यातला ८ हा आकडा वस्तू किती पट मोठी दिसते ते सांगतो आणि ४२ हा पुढच्या भिंगाचा मिलिमीटरमधला व्यास असतो. वेष्टनावर न छापलेला तिसरा आकडा या दोहोंच्या भागाकारातून मिळतो, आणि संध्याकाळच्या वापरासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. दुर्बीण उजळ आकाशाकडे रोखून हात लांब करून धरली की डोळ्याकडच्या भिंगांत प्रकाशाच्या दोन लहान चकत्या दिसतात. मोठ्या मुलीने त्यांच्यावर पट्टी धरून माप घेतले, तेव्हा ते पाच मिलिमीटरपेक्षा किंचित जास्त भरले. मग तिने ४२ ला ८ ने भागले आणि ५.२५ हे उत्तर आले. अंधारात माणसाची बाहुली साधारण या मापापर्यंत किंवा त्याहून मोठी उघडते, म्हणून ही दुर्बीण तिन्हीसांजेलाही डोळ्यांना पुरेसा प्रकाश देते. खिशात मावणाऱ्या ८×२५ दुर्बिणीत हीच चकती जेमतेम तीन मिलिमीटरची असते आणि सूर्य मावळताच चित्र काळवंडते. दशांश अपूर्णांकांचा भागाकार इतक्या आपखुशीने आमच्याकडे त्यापूर्वी झालेला नव्हता.

आता त्या गोष्टीकडे वळतो जिचा उल्लेख जाहिरातींत जवळजवळ कधीच नसतो. दोन्ही नळ्या एकमेकींच्या जवळ आणल्या की त्यांच्या केंद्रांतले अंतर किमान किती उरते, हे मुलांच्या बाबतीत निर्णायक ठरते. आमच्या दुर्बिणीत ते ५६ मिलिमीटर आहे. प्रौढ माणसाच्या दोन बाहुल्यांतले अंतर सरासरी ६३ मिलिमीटरच्या आसपास असते, त्यामुळे मोठ्यांना अडचण येत नाही. परंतु पाच-सहा वर्षांच्या मुलांत ते पन्नाशीच्या आसपास असते. अशा मुलाच्या डोळ्यांसमोर दुर्बीण धरली की त्याला एकसंध वर्तुळाऐवजी कडेने काळी सावली येणारे, हललेले चित्र दिसते, आणि मोठ्यांना वाटते की त्याला बघताच येत नाही किंवा त्याचे लक्ष नाही. आमचा धाकटा या दुर्बिणीतून एकाच डोळ्याने पाहतो. त्यावर त्याने स्वतःच शोधलेला उपाय असा की दुर्बीण कुंपणाच्या खांबावर टेकवायची, डावा डोळा मिटायचा आणि उजव्या नळीतून बघायचे. चालते, पण पैसे दोन नळ्यांचे मोजलेले असतात. घरातले सर्वांत लहान मूल आठ वर्षांच्या आतले असेल, तर दुकानात पट्टी घेऊन जावे आणि विक्रेत्याच्या शब्दावर न विसंबता हे अंतर स्वतः मोजावे.

दुसरी तक्रार उजव्या डोळ्याच्या कड्याची आहे. दोन डोळ्यांच्या दृष्टीत थोडा फरक असतो, आणि तो भरून काढण्यासाठी उजव्या भिंगाभोवती फिरणारे एक कडे दिलेले असते. महागड्या दुर्बिणींत हे कडे जागेवर अडकवता येते. आमच्या दुर्बिणीत ते मोकळे आहे आणि पिशवीतून काढता-ठेवताना आपोआप सरकते. एकट्या माणसाच्या हातात हा दोष सुसह्य ठरेल. घरी शिकणारी भावंडे मात्र वेगवेगळ्या वयांची असून एकाच वेळी एकाच झाडाखाली उभी असतात, दुर्बीण क्षणाक्षणाला हातोहात फिरते आणि प्रत्येक वेळी कोणीतरी धूसर दिसल्याची तक्रार करते. शेवटी कड्यावर रंगीत टिकल्या चिकटवल्या, प्रत्येकाच्या वाट्याला एक रंग दिला, आणि आपली टिकली खुणेसमोर आणल्याखेरीज बोलायचे नाही असे ठरले. चष्मा वापरणाऱ्यांसाठी डोळ्यांजवळचे रबरी कप खाली फिरवता येतात. ही सोय चांगली आहे आणि मला रोज उपयोगी पडते.

पानगळीच्या सहलीत दुर्बिणीचे काय काम, असे वाटणे स्वाभाविक आहे. पाने हातात घेऊन पाहायची असतात आणि आमची दुर्बीण दोन मीटरच्या आतली वस्तू स्पष्ट दाखवत नाही. तथापि ती उलटी धरली, म्हणजे मोठे भिंग डोळ्यापाशी आणि लहान भिंग वस्तूच्या अगदी निकट, तर तिचे बऱ्यापैकी सूक्ष्मदर्शी भिंग होते. नुकतेच पान गळून पडलेल्या फांदीवर देठाच्या जागी जो व्रण राहतो, तो अशा तऱ्हेने पाहण्यासारखा आहे: त्याच्या पृष्ठभागावर ओळीने बारीक ठिपके दिसतात, आणि पानात पाणी आणणाऱ्या व पानातली साखर खोडाकडे नेणाऱ्या वाहिन्या तिथूनच जात होत्या. पान वाऱ्याने ओढून तोडले जाते ही मुलांची समजूत इथे आपोआप मोडते, कारण तो व्रण फाटलेला नसतो, सफाईने बंद झालेला असतो. झाड देठाच्या मुळाशी आधीच पेशींचा एक थर तयार करते आणि पान तिथे सुटते. रंगांचेही तसेच आहे. हरितद्रव्य विघटित होऊ लागले की पिवळा आणि नारिंगी रंग देणारी कॅरोटिनॉइडे उघडी पडतात, ती पानात पहिल्यापासून होतीच. लाल रंगाचे अँथोसायनिन मात्र बहुतांशी शरदातच नव्याने तयार होते, आणि स्वच्छ उन्हाचे दिवस व थंड पण न गोठवणाऱ्या रात्री त्याला मानवतात. उलट्या दुर्बिणीत एकाच पानावरचा पिवळा भाग आणि त्यावर चढत गेलेली लाली स्वतंत्र दिसते. हात किंचित हलला तरी चित्र निसटते, हे मान्य करायला हवे. याच कामासाठी दहापट मोठे दाखवणारे साधे घडीचे भिंग अधिक स्वस्त आणि अधिक सोयीचे आहे.

पक्ष्यांच्या बाबतीत मात्र तिला पर्याय नाही. शाळेच्या वेळापत्रकाचे बंधन नसल्याने आम्हाला आठवड्याच्या मधल्या दिवशी, सकाळी, माणसांची वर्दळ नसताना पाणवठ्यावर जाता येते, आणि स्थलांतराच्या काळात त्याचा फार फायदा होतो, कारण काल दिसलेले थवे आज तिथे असतीलच असे नाही. साडेसात अंशांचे दृष्टिक्षेत्र म्हणजे एक किलोमीटर अंतरावर सुमारे १३० मीटर रुंदीचा पट्टा एका वेळी दिसतो, त्यामुळे उडता थवा पकडणे मुलांना जमते. आधी नुसत्या डोळ्यांनी थव्यावर नजर स्थिर करायची आणि नजर न हलवता दुर्बीण डोळ्यांपाशी आणायची, एवढे एक तंत्र शिकवावे लागते. थवा ओळखला की घरी येऊन नकाशा काढायचा, हा पुढचा भाग. २०२२ सालच्या ऑक्टोबरमध्ये ट्रान्समीटर बसवलेला एक तरुण बार-टेल्ड गॉडविट, म्हणजे लांब चोचीचा एक किनारपक्षी, अलास्काहून निघून वाटेत कुठेही न उतरता ११ दिवसांत १३,५६० किलोमीटर उडून टास्मानियात पोहोचला होता. नकाशावर ती रेघ ओढताना पेन्सिल महासागरावरून किती वेळ जात राहते, हे मुलांनी स्वतः अनुभवलेले बरे.

शरद संपाताच्या दिवशी, म्हणजे उत्तर गोलार्धात २२ किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास, सूर्य जवळजवळ नेमका पश्चिमेला मावळतो आणि तो पाहणे हा आमचा ठरलेला उत्सव असतो. त्या वेळी दुर्बीण पिशवीत बंद असते आणि सूर्य पूर्णपणे क्षितिजाखाली गेल्याशिवाय ती बाहेर निघत नाही. दुर्बिणीतून सूर्याकडे क्षणभर पाहिले तरी डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, आणि मावळता सूर्य लालसर दिसतो म्हणून तो निरुपद्रवी ठरत नाही. वेष्टनावरची ही सूचना आमच्या दुर्बिणीसोबत इतक्या बारीक अक्षरांत छापलेली होती की ती मुलांच्या नजरेस पडण्याची शक्यता नव्हती.

पौर्णिमेच्या रात्रीविषयी माझे मत काहींना पटणार नाही. पूर्ण चंद्र दुर्बिणीतून निराश करतो. सूर्यप्रकाश समोरून पडत असल्याने विवरांना सावल्याच नसतात आणि चंद्र सपाट, डोळे दिपवणारा दिसतो. टायको विवरापासून चहूकडे गेलेले पांढरे पट्टे तेवढे त्या रात्री उत्तम दिसतात. मुलांना डोंगर आणि खड्डे दाखवायचे असतील तर अमावास्येनंतर पाच-सहा दिवसांनी, उजेड आणि अंधार यांच्या सीमारेषेपाशी पाहावे. पौर्णिमेची रात्र नुसत्या डोळ्यांसाठी राखावी, आणि दुर्बिणीसाठी त्यानंतर आठवडाभर थांबून, चंद्र उशिरा उगवू लागल्यावरची अंधारी संध्याकाळ निवडावी. तेव्हा शर्मिष्ठा या इंग्रजी W सारख्या तारकासमूहाच्या दोन कोनांपैकी अधिक टोकदार कोन ज्या बाजूला रोखलेला असतो तिकडे दुर्बीण नेली की देवयानी दीर्घिकेचा, म्हणजे ताऱ्यांच्या एका प्रचंड दूरस्थ समूहाचा, लांबट, धुरकट डाग सापडतो. तो प्रकाश सुमारे २५ लाख वर्षांपूर्वी निघालेला आहे. खरे सांगायचे तर धाकट्याला त्यात काहीच विशेष वाटले नाही आणि त्याच्या दृष्टीने कृत्तिका कितीतरी सरस ठरल्या, कारण नुसत्या डोळ्यांना सहा-सात दिसणाऱ्या तारका तिथे एकाएकी डझनांनी दिसू लागतात आणि त्या मोजता येतात. गुरू आकाशात असल्यास त्याचे चार मोठे चंद्रही या दुर्बिणीतून दिसतात, पण तिला भिंतीचा किंवा ट्रायपॉडचा भक्कम आधार हवा. गॅलिलिओने १६१० च्या जानेवारीत केली तशी, रात्रीगणिक त्यांच्या बदलत्या जागांची नोंद ठेवणे मोठ्या मुलांना चांगले जमते.

आठपट पुरेसे आहे का, दहापट घ्यावे का, ही शंका खरेदीच्या वेळी असतेच. मुलांसाठी दहापट घेऊ नये. हाताचा कंपही तितक्याच पटीने वाढतो, दृष्टिक्षेत्र आक्रसते आणि १०×४२ मध्ये प्रकाशाची चकती ४.२ मिलिमीटरवर येते. वजनाची अडचण मात्र आमच्या दुर्बिणीलाही आहे. साधारण ६५० ग्रॅम गळ्यात अडकवून लहान मूल फार चालत नाही, आणि सोबत मिळालेला अरुंद पट्टा मानेत रुततो. दोन्ही खांद्यांवरून जाणारा पट्टा वेगळा घ्यावा लागला, आणि तो घेतल्यापासून तक्रार थांबली. पुढच्या भिंगांची टोपणे इतकी सैल आहेत की पहिल्याच शरदात एक पालापाचोळ्यात हरवले, आणि उत्पादकाला विचारले असता टोपणे सुटी मिळत नाहीत असे उत्तर आले. नळ्यांत नायट्रोजन भरलेला असल्याने दवात आणि भुरभुर पावसात आतून धुके धरत नाही, हा दावा मात्र खरा निघाला. दुसरी दुर्बीण घ्यायची वेळ येईल तेव्हा ती धाकट्यासाठी ८×३० किंवा ८×३२ असेल आणि तिच्या नळ्यांतले किमान अंतर मोजल्याशिवाय तिचे पैसे दिले जाणार नाहीत. तोवर कुंपणाचा खांब आहेच.