व्हिसावर ‘जियारत’ लिहिलं होतं

एसटीत ३१ वर्षं कंडक्टर होतो. पैसे घेतले आणि तिकीट दिलं नाही, तर त्याला काय म्हणतात हे मला कुणी शिकवायची गरज नाही. फाट्यावर चेकिंगची गाडी आडवी आली, वेबिल आणि पिशवीतली रोकड जुळली नाही, की भल्याभल्यांचे पाय लटपटतात. तोच मी, २०२४ च्या फेब्रुवारीत हजला नेतो म्हणणाऱ्या एका एजंटाच्या टेबलावर दोन लाख रुपये रोख मोजून ठेवले आणि त्याच्याकडून धड पावतीही घेतली नाही. दरवर्षी हजचे फॉर्म सुटले की अशी मंडळी पुन्हा गावोगाव फिरायला लागतात, म्हणून लिहितोय. नाव-गाव कुणाचंच लिहीत नाही, प्रकरण कोर्टात आहे.

आमचं परभणी जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. रिटायर झालो, ग्रॅच्युइटी आणि फंड हातात आला, धाकट्या लेकीचं लग्न उरकलं. हजला निघण्याआधी कुणाचं देणं डोक्यावर नसावं, तेही फेडून झालं. राहिलं होतं फक्त जाणं. सरकारी हज कमिटीकडे दोनदा फॉर्म भरला. जानेवारी २०२४ च्या अखेरीस कुर्रा, म्हणजे जागांची सोडत, निघाला, त्यात आमचा कव्हर नंबर, म्हणजे अर्जाचा नंबर, पुन्हा वेटिंगला. बायकोला शुगर आहे, गुडघे बोलायला लागलेत. ती तोंडाने काही म्हणाली नाही, पण त्या रात्री जेवलीही नाही.

परभणीला तुराबुल हक बाबांच्या उरुसात जुन्या डेपोतला एक जण भेटला. त्याने या एजंटाचा नंबर दिला. माणूस चाळिशीतला, बोलणं हळू, डोळ्यांत सुरमा, दर दोन वाक्यांनंतर इन्शाअल्लाह. पण मी नुसत्या बोलण्याला भुललो नाही हो. या माणसाने आमच्याच गावातले लोक दोनदा उमऱ्याला, म्हणजे मक्केच्या छोट्या यात्रेला, नेले होते आणि नीट परत आणले होते. त्यांना जाऊन विचारलं, सगळ्यांनी चांगलंच सांगितलं, आणि ते खरंच होतं. पहिल्या फेऱ्या तो चोख करतो. उमरा वर्षभर चालतो, त्याचा व्हिसा सहज मिळतो. हजचं तसं नाही. देशाला ठरावीक कोटा असतो. २०२४ ला भारताचा १,७५,०२५ होता. त्यातले बहुतेक कमिटीमार्फत जातात, बाकीचे सरकारने मान्यता दिलेल्या खासगी टूरवाल्यांमार्फत. आपल्यासारख्याला तिसरा दरवाजा नाही. उमऱ्याला नेणाऱ्याला हजला नेता येतंच असं नाही, एवढी साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नाही.

माणशी ४ लाख २० हजार. कमिटीपेक्षा जरा जास्त, खासगी टूरपेक्षा बरेच कमी. कुर्रा नाही, वेटिंग नाही, ‘डायरेक्ट’. दोन लाख रोख दिले, उरलेले ६ लाख ४० हजार दोन हप्त्यांत बँकेतून पाठवले. ते खातं एका मोबाइल शॉपीच्या नावाचं निघालं. विचारलं तर म्हणाला, भाच्याचं आहे, टॅक्सचं जरा बघावं लागतं. पावतीचं काढलं तर हसला. “मामू, ये अल्ला के घर का काम है, पावती-बिवती कायकू?” मीच ओशाळलो. शेवटी त्याने लेटरहेडवर रोख दोन लाखांची एक चिठ्ठी लिहून दिली. रकमेपुढे एकच शब्द होता, हदिया. मला वाटलं, अदबीने लिहिलंय. त्या शब्दाची किंमत पुढे पोलीस ठाण्यात कळली.

आता व्हिसाचं सांगतो, कारण सगळी मेख तिथेच आहे.

मे महिन्याच्या पहिल्या आठवड्यात व्हॉट्सअपवर पीडीएफ आली. अरबी लिपी मला वाचता येते, कुराण शरीफ रोज वाचतो, उर्दू मदरशात शिकलो. पण अरबी भाषा कळत नाही, आणि लिपी वाचता येणं म्हणजे भाषा कळणं नव्हे. व्हिसाच्या प्रकारापुढे दोन शब्द होते. पहिला वाचला, ‘जियारत’. बायकोला मोठ्याने वाचून दाखवला. उर्दूत जियारत म्हणजे पाक जागेचं दर्शन. ती रडायलाच लागली. दुसरा शब्द मला लागला नाही, मी सोडून दिला. पुढे जेद्दाहमध्ये एकाने अर्थ सांगितला. अरबीत ‘जियारा’ म्हणजे साधी भेट, आणि पुढचा शब्द होता ‘आइलिया’, कुटुंबाची. म्हणजे फॅमिली व्हिजिट व्हिसा. तिथे राहणाऱ्या कुणा अनोळखी माणसाचे आम्ही नातेवाईक म्हणून निघालो होतो. हजच्या व्हिसावर ‘हज’ लिहिलेलं असतं. ते एवढ्या कागदावर कुठेच नव्हतं, आणि नसलेलं माझ्या नजरेत आलं नाही.

एक इशारा त्याआधीही मिळाला होता. बायकोने वाटेसाठी डिंकाचे लाडू केले, त्यात खसखस. कमिटीतून नंबर लागलेला माझा मावसभाऊ भेटायला आला, लाडू हातात घेतला आणि म्हणाला, “भाभी, खसखस सौदीला चालत नाही, पकडलं तर जेलात टाकतील.” त्याला तरबियती कॅम्पमध्ये, म्हणजे हाजींच्या प्रशिक्षण शिबिरात, सांगितलं होतं. तिथेच मेंदुज्वराची लस, पोलिओचा डोस, औषधांसोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवायची, मक्केजवळच्या मिनात आपला तंबू कसा ओळखायचा, सगळं समजावलं होतं. त्याने विचारलं, “तुमचा कॅम्प कधी? तुमचा मुअल्लिम कोण?” मुअल्लिम म्हणजे तिथे हाजींची व्यवस्था बघणारा. मी म्हणालो, एजंट बघतो ते. लाडू गल्लीतल्या लेकरांना वाटून टाकले आणि आम्ही निघालो. स्टेशनवर पन्नासेक माणसं सोडायला आली होती. हार, गळाभेटी, दुआची चिठ्ठी प्रत्येकाची.

१२ मेला मुंबईहून जेद्दाह. उमरा झाला, तो मात्र नशिबाने नीट झाला. काबा पहिल्यांदा डोळ्यांपुढे आला त्याबद्दल मला इथे काही लिहायचं नाही. मग आम्हाला मक्केतल्या अझीझियामध्ये एका फ्लॅटवर ठेवलं. तीन खोल्या, अकरा माणसं, सगळे आमच्यासारखेच. २३ मेपासून सौदी सरकारने व्हिजिट व्हिसावाल्यांना मक्केत थांबायला बंदी केली. एजंटाचा तिथला माणूस आला आणि बजावून गेला, खाली उतरायचं नाही, खिडकीत उभं राहायचं नाही, आवाज करायचा नाही. सामान तो आणून देणार. दोन दिवस आलं, मग त्याचा फोन बंद. अल्लाच्या शहरात आम्ही चोरासारखे पडद्याआड बसलो होतो. अजान ऐकू यायची आणि खाली जाता येत नव्हतं.

तोवर मला कळून चुकलं होतं. त्या वर्षीपासून खऱ्या हाजींना नुसुक कार्ड देत होते, नाक्यानाक्यावर तेच तपासत होते. आमच्याकडे कार्ड नाही, मिनात तंबू नाही, बस नाही, दवाखान्यात दाखवायला कागद नाही. त्या माणसाचा शेवटचा निरोप होता, हजच्या मुख्य दिवशी अराफातच्या मैदानावर पायी नेऊ, रात्री निघू. जूनच्या उन्हात, शुगरच्या बाईला.

आमच्यात हैदराबादकडचे एक बुजुर्ग होते. ते म्हणाले, इतक्या जवळ येऊन परत फिरणार नाही, मेलो तर इथेच मेलो. त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमत झाली नाही. पण गावच्या मौलानांना फोन केला तेव्हा ते सरळ बोलले. हज ऐपतवाल्यावर फर्ज आहे, आणि परवान्याशिवाय जाता येत नसेल तर परवाना हाही ऐपतीचाच भाग. सौदीच्या मोठ्या उलेमांच्या परिषदेनेही एप्रिलमध्येच सांगितलं होतं की परमिटशिवाय हजला जाणं जायज नाही. मी बायकोकडे पाहिलं. ती म्हणाली, चला घरी.

परतीची तिकिटं हजनंतरची होती, ती बुडाली. नवी काढायला लेकाने पैसे पाठवले. हज सुरू व्हायच्या आठ-दहा दिवस आधी आम्ही मुंबईत उतरलो आणि देवगिरीने घरी आलो. त्यानंतर काही दिवसांनी बातम्या आल्या. हरमपाशी, म्हणजे काब्याच्या मशिदीपाशी, पारा ५१.८ अंशांवर गेला, १,३०१ जण दगावले, आणि त्यातले ८३ टक्के विनापरवाना आलेले, असं सौदी सरकारनेच जाहीर केलं. ते बुजुर्ग वाचले. उन्हाने बेशुद्ध पडून चार दिवस दवाखान्यात होते, असं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं.

गावात काय झालं ते लिहायला पैशांच्या आकड्यापेक्षा जड जातं. लोक झमझम आणि खजूर मागायला आले. किराणा दुकानदार मारवाडी, वीस वर्षांची ओळख, तो “या हाजीसाब” म्हणाला. मी म्हणालो, शेठ, हाजी नका म्हणू, हज झाला नाही. त्याला वाटलं मी नम्रपणा दाखवतोय. त्या एका शब्दासाठी मी दोन महिने बाजारात जायचं टाळलं. आमच्याबरोबर त्याच एजंटाकडून गेलेले आणखी दोघे शेजारच्या तालुक्यात आहेत, ते आजही तक्रार द्यायला तयार नाहीत, कारण लोक त्यांना हाजी म्हणतात. एजंटाची खरी तिजोरी ही शरम आहे.

पोलीस ठाण्यात आधी सांगितलं, हा दिवाणी मामला आहे. चिठ्ठी वाचून साहेब म्हणाले, हदिया म्हणजे भेट ना? मग भेट दिलेले पैसे परत कसे मागता? बँकेचं स्टेटमेंट, व्हॉट्सअपचे मेसेज, व्हिसाची पीडीएफ असं सगळं जोडून एसपी ऑफिसला लेखी अर्ज दिला, तेव्हा गुन्हा दाखल झाला. प्रकार १ जुलै २०२४ च्या आधीचा, म्हणून जुन्या कायद्याचं कलम ४२० आणि ४०६. आता असं झालं तर भारतीय न्याय संहितेचं ३१८ लागतं. घाबरून त्याने १ लाख ६० हजार दिले आणि तीन लाखांचा चेक. चेक वटला नाही. इथे एक लक्षात ठेवा, बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे, नाहीतर त्या चेकवरचा १३८ चा दावा हातचा जातो. मी २६ व्या दिवशी पाठवली, तीही वकिलाने हटकलं म्हणून.

आता गावात कुणी विचारलं तर मी एवढंच सांगतो. कमिटीचा फॉर्म हज सुविधा ॲपवर किंवा कमिटीच्या वेबसाइटवर स्वतः भरा, नाहीतर घरातल्या शिकलेल्या पोराकडून भरून घ्या. पैसे कमिटीच्या खात्यात, आपल्या कव्हर नंबरच्या स्लिपवर जातात. माणसाच्या नावच्या खात्यात किंवा यूपीआयवर जे मागतात ते कमिटीचे नव्हेत. “वेटिंग क्लिअर करून देतो” म्हणून फोन येतात, ओटीपी मागतात. यादी कुणाच्या ओळखीने पुढे सरकत नाही. असा ऑनलाइन पैसा गेलाच तर त्याच दिवशी १९३० या सायबर हेल्पलाइनला फोन लावा. खासगीने जायचं तर अल्पसंख्याक मंत्रालयाच्या यादीत त्या टूरचं नाव आहे का, आणि त्याला यंदा किती जागा मिळाल्या, हे दोन्ही बघा. नुसतं नाव असून भागत नाही, २०२५ ला मान्यता असलेल्या टूरवाल्यांच्याही हजारो जागा ऐनवेळी गेल्या. कुर्बानीचे पैसेही रोखीने ‘भाई, मी करून टाकतो’ म्हणणाऱ्याला देऊ नका, अधिकृत कूपन घ्या. आणि २०२५ पासून विनापरवाना हजला सापडलं तर २० हजार रियालपर्यंत दंड आहे. परत पाठवून दहा वर्षं बंदी घालतात ती वेगळीच. माझ्या वयाला दहा वर्षं म्हणजे कायमचीच.

एजंटाला विचारायचा माझा आवडता प्रश्न मात्र मावसभावाचाच आहे, मुअल्लिम कोण आणि मिनात तंबू कुठला? खरा माणूस उत्तर देतो किंवा कधी कळेल ते सांगतो. आमचा एजंट असता तर म्हणाला असता, मामू, फिकर कायकू करते.

आम्ही पुन्हा फॉर्म भरलाय. हे लिहून झालं तेव्हा बायकोला वाचून दाखवलं. चष्मा पुसत ऐकत होती. शेवटी म्हणाली, “खसखशीचं लिहिलं ते बरं केलं. बायका ऐकत नाहीत.”