सूर्यघरचं कर्ज: व्याज हलकं, कागद जड

गच्चीवर सौर पॅनेल बसवायला बँका सध्या जे कर्ज देतात, त्याची बरोबरी साधं सोनेतारण कर्जही करत नाही. 3 किलोवॅटपर्यंत 2 लाख रुपये, तारण नाही, मुदत 10 वर्षांपर्यंत आणि व्याज रेपो दराच्या (रिझर्व्ह बँक ज्या दराने बँकांना पैसे देते त्याच्या) वर अर्धा टक्का. हे बँकांचं औदार्य नाही, धोरणाची कमाई आहे. फेब्रुवारी 2024 मध्ये केंद्राने 75,021 कोटींची पीएम सूर्यघर योजना आणली. त्यातून पहिल्या दोन किलोवॅटला प्रत्येकी 30,000 आणि तिसऱ्याला 18,000 असं 78,000 रुपये अनुदान मिळतं. शिवाय घरगुती सौर कर्ज 10 लाखांपर्यंत अग्रक्रम क्षेत्रात, म्हणजे जिथे बँकांना ठरावीक कर्ज द्यावंच लागतं त्यात, धरलं जातं. ते दिल्यावर बँकेचंही उद्दिष्ट भरतं.

आता हिशोब. दरपत्रक 2 लाखांचं असेल तर 20,000 स्वतःचे, 1,80,000 कर्ज. व्याज 6 टक्के धरलं तर दहा वर्षांचा हप्ता साधारण 1,998 रुपये. इथेच बरेच जण चुकतात: अनुदान बचत खात्यात आलं की ते खत-बियाण्यात नाहीतर लग्नकार्यात जिरतं. ते उचलून त्याच आठवड्यात कर्जखात्यात भरा. बदलत्या व्याजदराच्या कर्जाला मुदतपूर्व फेडीचा दंड लागत नाही. मुद्दल 1,02,000 वर आलं की हप्ता तोच ठेवून कर्ज पुढच्या पाचेक वर्षांत फिटतं. हप्ताच कमी करायचा असेल तर बँकेला तसा अर्ज द्यावा लागतो. आपोआप काही होत नाही.

अर्ज अडतो तो कागदावर. मराठवाड्यात लाईटबिल अजून आजोबांच्या नावावर असणं काही नवं नाही. बिल, आधार आणि बँक खातं यांवरचं नाव जुळलं नाही तर अनुदान लटकतं. म्हणून आधी वारसनोंद, मग महावितरणकडे बिलावरचं नाव बदलणं, आणि त्यानंतरच योजनेच्या पोर्टलवर अर्ज. दुसरी अडचण मोठी आहे: दुष्काळात पीककर्ज थकलं की सिबिल (कर्जफेडीचा गुणांक) खराब, आणि सिबिल खराब की हे कर्जही नाही. ज्यांना वीजबिल सगळ्यात जास्त टोचतं तीच घरं बाहेर राहतात. धोरणाची ही खरी उणीव आहे. दुष्काळी तालुक्यांतल्या अशा थकबाकीदारांसाठी सरकारने कर्जहमी दिली पाहिजे.

माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांचाही विचार योजनेत दिसत नाही. मातीच्या धाब्यावर लोखंडी सांगाडा बसत नाही. अंगणात खांब रोवून उभारायचा तर खर्च वाढतो. 3 किलोवॅटला सावली नसलेली सुमारे 300 चौरस फूट जागा लागते.

वीज किती मिळते? किलोवॅटमागे दिवसाला सरासरी 4 युनिट धरा, म्हणजे 3 किलोवॅटला महिन्याला 360च्या आसपास. ऊन जास्त म्हणून मे महिन्यात वीजही त्याच प्रमाणात जास्त, हा समज चुकीचा आहे. पॅनेल 65 अंशांपर्यंत तापलं की 12 ते 15 टक्के उत्पादन घटतं. धूळ पुसताना बोअरचं पाणी शक्यतो टाळा: क्षारांचे पांढरे डाग काचेवर बसले की निघता निघत नाहीत. पहाटे, काच थंड असताना, गोड्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. पाणी थोडंच लागतं.

आणि विक्रेते हे सांगत नाहीत: लाईट गेली की बॅटरी नसलेली ऑनग्रिड, म्हणजे वीज कंपनीच्या लाईनला जोडलेली, यंत्रणाही बंद पडते. लाईनवर काम करणाऱ्या माणसाला झटका बसू नये म्हणून ती तशीच बनवलेली असते. भारनियमनावर उपाय म्हणून ही घेऊ नका, बिलासाठी घ्या.

10 किलोवॅटपर्यंत आता तांत्रिक व्यवहार्यतेचा अहवाल लागत नाही, मंजूर भारही वीज कंपनीच वाढवते. हा 2024 चा नियमबदल अनुदानाइतकाच मोलाचा आहे. दारिद्र्यरेषेखालच्या घराला 1 किलोवॅटसाठी केंद्राच्या 30,000 वर राज्य 17,500 देतं. 50,000 च्या संचाला खिशातून 2,500 जातात. त्यांनी कर्जाच्या भानगडीत पडूच नये. बाकीच्यांनी विक्रेत्याला शेवटची रक्कम नेट मीटर (घेतलेली आणि दिलेली वीज मोजणारं मीटर) बसून पहिलं बिल हातात पडल्यावरच सोडावी, आणि ही अट दरपत्रकावर आधीच लिहून घ्यावी.