वोग इंडिया: छपाई अव्वल, मालक एकच घराणं

वोग इंडिया या फॅशन नियतकालिकाची मांडणी, छायाचित्रं, छपाई तिन्ही अव्वल. गोव्यात मात्र गुळगुळीत कागद पावसाळ्यात दमट हवा शोषतो आणि पानं चिकटतात. अंक बंद कपाटात ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलसोबत ठेवा; भिजलाच तर उन्हात नको, पानांमध्ये कोरा कागद घालून पंख्याखाली वाळवा.

वर्गणी भरण्याआधी मालकी समजून घ्या. २००७ साली सुरू झालेलं हे नियतकालिक काँडे नास्ट या अमेरिकी प्रकाशन कंपनीचं. ही कंपनी १९५९पासून न्यूहाउस घराण्याकडे, त्यांच्या अॅडव्हान्स या समूहात. अॅडव्हान्स शेअर बाजारात नाही, म्हणून भागधारकांना तिमाही हिशेब द्यावे लागत नाहीत. काँडे नास्टच्या भारतीय कंपनीचे ताळेबंद मात्र कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर शुल्क भरून पाहता येतात. ते जरूर पाहा.