घरी बसून वाचायला ‘शांतता!’ घ्यावं की ‘वाडा’?

वाचनकट्ट्यात कादंबऱ्यांवर बोलून बोलून कंटाळा आला की कुणीतरी म्हणतंच, एखाद्या रविवारी नाटक वाचू या. मग पहिला वाद: कुठलं? आम्ही आठ-नऊ जणांनी दोन वाचून पाहिली, म्हणून सांगते.

तेंडुलकरांचं ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली रंगमंचावर आलं. खेडेगावात प्रयोगासाठी आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला लुटुपुटूचा खटला खेळतात. नाटकातली माणसंच एका खोलीत बसलेली, त्यामुळे आपली बैठकीची खोली फुकटात नेपथ्य होते. मुख्य पात्रं आठ आणि बहुतेक जण बहुतेक वेळ तिथेच, म्हणजे अर्धा तास नुसती पानं उलटत बसावं लागत नाही. आमचा एक सभासद ऐनवेळी आला नाही आणि शेजाऱ्यांना बसवलं. नाटकातला गावकरी सामंतही अशीच गैरहजर माणसाची जागा भरतो, हे मागाहून लक्षात आलं.

अपवाद एकच, त्या खटल्यातली आरोपी लीला बेणारे. तिसऱ्या अंकात सगळे तिच्याबद्दल बोलतात आणि शेवटच्या स्वगतापर्यंत तिला जवळजवळ ओळच नसते. नाट्यगृहात आपण लांबून बघतो. घरी ती बाई आपल्या शेजारी सोफ्यावर असते. आमची बेणारे संहितेत बोट घालून गप्प, पुढ्यातल्या चहावर साय धरलेली. वकील सुखात्मे वाचणारे काका आधी फार रंगात आले होते. दोन पानांनी त्यांचा आवाज आपोआप उतरला. मग तिचं ते लांबलचक स्वगत. संपल्यावर बशीतल्या भज्यांना कुणी हात लावला नाही.

एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ (१९८५) कदाचित जास्त मोठं नाटक, पण पहिल्या वाचनाला अवघड. घरातले कर्ते तात्याजी गेलेत, मुंबईचा मुलगा सुधीर बायकोसह धरणगावला आलाय, तेराव्याचा खर्च कुठून करायचा हा प्रश्न. भाषा वैदर्भी. पुण्या-मुंबईच्या तोंडी तिची नक्कल व्हायला वेळ लागत नाही आणि मग घरातल्या मुलीची, प्रभाची घुसमटही विनोदी ऐकू येते. शिवाय बरंचसं नाटक न बोललेल्या जागांत आहे. अंगणात गंजत पडलेला ट्रॅक्टर संवादांइतकाच महत्त्वाचा, म्हणून रंगसूचना वाचायला एक शांत आवाजाचा माणूस वेगळा लागतो. आम्ही ठेवला नाही. परिणाम असा, की एकाने कंसातलं ‘स्तब्धता’सुद्धा संवादासारखं ठणकावून वाचलं. एक फायदा मात्र आहे: दादी, चंदू यांना मोजकंच बोलायचं असतं. लाजऱ्या सभासदांची सोय होते.

‘नटसम्राट’चा मोह टाळा, सगळ्यांनाच त्यातला नायक बेलवलकर व्हायचं असतं. ‘घाशीराम कोतवाल’ तर गाण्याबजावण्याशिवाय आणि रंगमंचावर ओळीने उभ्या माणसांच्या त्या भिंतीशिवाय कागदावर अर्धंच उरतं.

तेव्हा पहिल्यांदा ‘शांतता!’च घ्या. गटात कुणी विदर्भातलं असेल आणि दोन रविवार द्यायची तयारी असेल, तर ‘वाडा’. दोन्हींसाठी प्रती एकाच आवृत्तीच्या हव्यात, नाहीतर निम्मा वेळ पान शोधण्यात जातो. ‘शांतता!’ वाचताना चहा दुसऱ्या अंकानंतर उरकून घ्या. आणि बेणारेसाठी चिठ्ठ्या टाकू नका. जी वाचणार तिला आदल्या दिवशी फोन करून सांगा, बराच वेळ तुला नुसतं ऐकत बसायचंय.