चाखलेला चहा एक, पुडीतला दुसरा

तैवानातल्या तैचुंगला कामासाठी जाणारे पुणे-चाकण पट्ट्यातले लोक पुष्कळ आहेत. सीएनसी मशीन, स्पिंडल, टूल चेंजर, बरंच काही तिथून येतं. परतताना बॅगेत चहा हमखास असतो. त्या चहाबद्दल सावध करायला हे लिहितोय, कारण माझ्यानंतर ओळखीतल्या आणखी दोघांच्या गळ्यात अगदी याच पद्धतीने माल मारला गेला, आणि दोघंही म्हणतात, "अहो, पण चाखून घेतला होता!" इथे फसवणूक चाखतानाच होते.

आधी माल काय ते सांगतो. तैवानात साधारण १,००० मीटरच्या वर पिकलेल्या ऊलाँगला, म्हणजे हिरव्या आणि काळ्याच्या मधल्या, अर्धवट आंबवलेल्या चहाला, 'उंच डोंगराचा चहा' म्हणतात. आलिशान, शानलिन्शी, लिशान ही त्यातली मोठी नावं. या सगळ्यांच्या वर दायुलिंग: बेट आडवं ओलांडणाऱ्या घाटरस्त्यावरचा, अडीच हजार मीटरच्या आसपासचा टापू. तिथे धुकं आणि थंडी, त्यामुळे पानाची वाढ सावकाश होते. पान जाड धरतं, कडवटपणा कमी राहतो आणि घोट गिळल्यावर घशात गोडवा बराच वेळ टिकतो. बागा मुळात मोजक्या. त्यात सरकारने डोंगरउतारावरच्या भाडेपट्ट्याच्या जमिनी परत घ्यायला सुरुवात केली आणि २०१५ च्या सुमारास तिथल्या सगळ्यात नावाजलेल्या बागांमधली झाडं काढूनही टाकली. माल घटला. दुकानांतल्या दायुलिंगच्या पुड्या मात्र काही घटलेल्या दिसत नाहीत.

दुसरी बाजू अशी, की तैवान स्वतः पिकवतो त्याहून जास्त चहा बाहेरून आणतो, आणि त्यात व्हिएतनामचा वाटा मोठा. यात बेकायदा काही नाही. बाटलीबंद चहा आणि बबल टीचा धंदा अशाच मालावर चालतो. पण व्हिएतनामच्या लाम दोंग प्रांतात तैवानी लोकांनीच जाऊन बागा लावल्या. छिंगशिन, जिनश्वेन या जाती त्यांच्याच, यंत्रं त्यांचीच, पत्तीची गोळी वळायची पद्धतही त्यांचीच. कोरडी पत्ती बघून फरक ओळखणं भल्याभल्यांना जमत नाही. कर्नाटकचा आंबा देवगडच्या पेटीत भरला की पेटी बघून काय कळणार, त्यातलाच प्रकार.

चिंचवडला आमचा बिनदुधाचा चहा पिणाऱ्यांचा एक छोटा कंपू आहे. घरची माणसं आम्हाला 'गरम पाणी मंडळ' म्हणतात. मी जाणार हे कळल्यावर सगळ्यांनी वर्गणी काढली आणि एकदा तरी दायुलिंग आण म्हणून पैसे दिले. दुकान सुचवलं ते तिथल्या गाडीवाल्याने. (गाडीवाल्याने सुचवलेलं दुकान म्हणजे काय, हे आग्र्याला जाऊन आलेल्या कोणालाही वेगळं सांगायला नको.)

दुकान झकास होतं. अख्ख्या ओंडक्याचं टेबल, त्यावर पाणी निथळायचं ताट, चिमुकली किटली, वास घेण्यासाठीचे उंच अरुंद पेले. मालक साठीचा, अगत्यशील, इंग्रजी कामापुरतं. त्याने एकामागून एक तीन चहा पाजले. पहिला 'आलिशान' म्हणून: पातळ, जरा गवताळ. दुसरा 'लिशान' म्हणून: बरा. दुसऱ्याच्या आधी सनकेक आला होता, म्हणजे माल्टचं गोड सारण भरलेला तैचुंगचा प्रसिद्ध पापुद्र्यांचा प्रकार. मग थोडं कोमट पाणी, भारतात किती उकडतं वगैरे गप्पा, आणि तिसरा 'दायुलिंग'. तो खरंच सुरेख होता. फुलांचा वास, कुठेही तुरट नाही, रिकाम्या पेल्यातला वाससुद्धा जाता जाईना.

आता या बैठकीची खुबी बघा. पहिला चहा मुद्दाम सुमार असतो. सुमार, बरा, उत्तम अशी चढण तुमच्या जिभेला चढवली की तिसऱ्या पायरीवर जे काही येईल ते शिखरच वाटतं. चांगला आलिशान सहसा गवताळ लागत नाही, पण ते ठाऊक असणाऱ्याला हा कार्यक्रम दाखवतच नाहीत. गोड खाल्ल्यावर चहाचा स्वतःचा गोडवा कळत नाही, म्हणून दुसरा चहा आपोआप फिका पडतो. सनकेक मुद्दाम तेव्हा आणला की खरंच पाहुणचार होता, हे मी सांगू शकत नाही.

पण मोठी गोष्ट काढण्याच्या पद्धतीत आहे. चिमुकली किटली पत्तीने जवळजवळ अर्धी भरायची, उकळतं पाणी ओतायचं आणि काही सेकंदांतच चहा बाहेर. असा काढला की वास सगळा येतो आणि कडूपणा-तुरटपणा यायला वेळच मिळत नाही. पद्धत जुनी आहे, सुंदर आहे, मी घरी रोज तशीच वापरतो. चहा पिण्यासाठी ती उत्तम. चहा विकत घेताना ती दुकानदाराच्या बाजूने असते, कारण मालातले दोष ती झाकते. वर तो गरम केलेला उंच पेला: त्यात कुठल्याही बऱ्या हिरवट ऊलाँगचा वास दरवळतो. आणि तिसरा चहा झाल्या झाल्या किटलीतला चोथा बादलीत. बघायला मिळालाच नाही.

शेवटची हातचलाखी अगदी साधी. चाखायचा चहा टेबलावरच्या डब्यातला. विकायच्या पुड्या आतल्या फ्रीजमधल्या, 'ताज्या राहाव्यात म्हणून'. सोनेरी चकचकीत, हवा काढून सील केलेल्या, दीडशे ग्रॅमच्या. हे माप तिथलं नेहमीचं: तैवानी जिन ६०० ग्रॅमचा आणि त्याचा चौथा हिस्सा म्हणजे एक पुडी. (चीनमध्ये जिन ५०० ग्रॅमचा. भावाची तुलना करताना हे विसरलं की हिशेब गडगडतो.) पुडीला २,००० तैवानी डॉलर सांगितले, रोख दिलेत तर १,५०० केले. आठ पुड्यांचे १२,०००, आपले बत्तीसेक हजार रुपये. हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली.

पुण्यात पहिली पुडी फोडली. पहिला पेला वासाला ठीक. तिसऱ्या-चौथ्या पाण्याला चहा बसला. चांगली वळलेली डोंगरी पत्ती तेव्हा कुठे पुरती उमलायला लागते, हिचा जीवच संपला होता. मंडळातल्या सगळ्यांनी आधी पाण्याला दोष दिला. पाणी बदललं, बाटलीचं आणलं, किटली बदलली. फरक शून्य.

पुढच्या वेळी दोन पुड्या सोबत नेल्या. ज्या कारखान्यातून आम्ही मशीन घेतो तिथल्या एका वयस्कर इंजिनीअरची सासुरवाडी लुगूची. लुगू म्हणजे नानतौ जिल्ह्यातलं, डाँग डिंग नावाच्या ऊलाँगचं गाव. तिथल्या शेतकरी संघाची चहास्पर्धा १९७६ पासून चालू आहे. त्यांनी एक शब्द न बोलता कपाटातून पांढरे झाकणाचे कप काढले. ३ ग्रॅम पत्ती, १५० मिलिलिटर उकळतं पाणी, ६ मिनिटं. गोळी वळलेल्या ऊलाँगसाठी तिथल्या स्पर्धांमध्ये हेच माप असतं. एका कपात माझा चहा, शेजारी त्यांच्या घरचा लिशान. सहा मिनिटांनी दोन्ही वाडग्यांत ओतले, चमच्याने सुर्रकन आवाज करत आळीपाळीने चाखले.

लिशान सहा मिनिटं उकळत्या पाण्यात बसूनही गोड होता. माझा जिभेच्या मुळाशी कडू, आणि गिळल्यावर तोंड कोरडं पडलं. दोन्ही गार होऊ दिले. गार झाल्यावर त्यांच्यातला वास शाबूत, माझ्यातला गायब. मग दोन्ही चोथे पाण्याने भरलेल्या ताटलीत पसरले, आणि पुढे बोलायला काही उरलं नाही. त्यांच्या ताटलीत अख्खे शेंडे: एक देठ, त्याला दोन-तीन पानं, जाडसर, बोटाने दाबलं तरी न फाटणारी. माझ्यात पातळ पानांचे तुकडे, कडा सरळ छाटल्यासारख्या, देठं वेगळी, चुरा वेगळा. तेवढ्या चढावरच्या बागांत तोडणी हातानेच होते. छाटलेली कड म्हणजे यंत्र.

"हा कुठला आहे ते जिभेवरून सांगता येणार नाही," ते म्हणाले. "दायुलिंगचा नाही, एवढं सांगतो. तीन-चारशे डॉलरची पुडी आहे." कुठला ते शोधायची सोय तैवानात आहे: मातीतून पानात उतरणाऱ्या मूलद्रव्यांचं प्रमाण मोजून चहा देशातला की बाहेरचा, हे सरकारी चहा संशोधन केंद्र तपासतं. आठ पुड्यांसाठी तिथवर कोण जातो, हे दुकानदाराला पक्कं ठाऊक असतं.

आम्ही दोघं दुकानात गेलो. मालकाने ओळख दाखवली, बसवलं, चहासुद्धा टाकला. आधी म्हणाला प्रवासात हवा लागली असेल. मग म्हणाला भारतातलं पाणी जड. सील न फोडलेली पुडी समोर ठेवल्यावर त्याने शांतपणे माझी चिठ्ठी मागितली आणि वाचून दाखवली: 'उंच डोंगराचा चहा, आठ पुड्या'. दायुलिंग हा शब्द चिठ्ठीवर नव्हता. पुडीवरही नव्हता. तो फक्त त्याच्या तोंडी होता. मागच्या लेबलवर पॅक करणाऱ्याचं नाव आणि 'तैवान', बाग नाही, तोडणीचा हंगाम नाही. पैसे परत नाहीत; हवं तर दोन पुड्यांच्या बदल्यात दुसरा चहा. १९५० हा तिथल्या ग्राहक तक्रारीच्या दूरध्वनी सेवेचा क्रमांक. इंजिनीअर साहेबांनी फोन लावला, तिकडच्या बाईंनी नीट ऐकून घेतलं आणि पहिला प्रश्न हाच विचारला: लेखी काय आहे?

म्हणून तिथे चहा घेणार असाल तर काही गोष्टी बेधडक मागा, भिडेला बळी पडू नका. फुकट पाजलेल्या तीन पेल्यांची भीड फार महागात जाते. जी पुडी विकत घेणार तीच फोडून त्यातलाच चहा काढायला सांगा; पहिल्या पुडीचे पैसे आधी द्या हवं तर. तीन ग्रॅम, मोठा कप, सहा मिनिटं म्हणा. चांगला दुकानदार खूश होतो, कारण त्याचा माल त्यात उठून दिसतो. चोथा बादलीत जाऊ देऊ नका. डोंगराचं नाव, हंगाम आणि वर्ष बिलावर लिहून घ्या, आणि बिल सरकारी मागा, ज्यावर लॉटरीचा क्रमांक असतो ते. छोट्या दुकानांना त्यातून सूट असते, त्यामुळे साधी चिठ्ठी म्हणजे लबाडीच असं नाही. पण मग त्या चिठ्ठीवर नाव हवंच. लेबलवर क्यूआर कोड असेल तर दुकानातच उघडून बघा, बाकीचा मजकूर फोनच्या कॅमेऱ्याने भाषांतर करून वाचा.

माझं स्वतःचं मत विचाराल तर पहिल्यांदा जाणाऱ्याने दायुलिंग मागूच नये. नाव जितकं दुर्मीळ तितकी बनावटीला जागा मोठी. चीनमध्येही हेच. वुयी डोंगरातल्या दा हाँग पाओ या नामांकित चहाच्या सहा मूळ झाडांची तोडणी २००६ पासून बंद आहे, तरी 'मूळ झाडाची पत्ती' म्हणून कुजबुजत डबा काढणारे भेटतात. शांघायच्या नानजिंग रोडवर तर चहासुद्धा नाममात्र असतो. 'आमचा फोटो काढता का' म्हणत इंग्रजी बोलणारी तरुण मुलं गप्पा मारत चहाघरात नेतात आणि बिल येतं हजारो युआनचं. तिथे चव बघायचा प्रश्नच नाही, रस्त्यावरच नको म्हणून पुढे निघायचं.

त्याऐवजी लुगूचा मध्यम भाजणीचा डाँग डिंग घ्या. भाव बेताचा आणि आपल्या हवेत हिरवट ऊलाँगपेक्षा जास्त टिकतो. मंडळासाठी आता तोच येतो, तिथल्या शेतकरी संघाकडून, छापील बिलासकट.

त्या आठांपैकी उरलेल्या पुड्या उन्हाळ्यात संपल्या. रात्री गार पाण्यात पत्ती टाकून फ्रीजमध्ये ठेवली की कडूपणा फारसा उतरत नाही, आणि तीन-चारशेच्या भावाचा तो चहा तसा प्यायला बराच लागला. मंडळातल्या एका काकांना तर तो डाँग डिंगपेक्षा आवडला. मी तैचुंगला निघालो की ते अजून फोन करतात: "तो मागचा, खोटा, मिळाला तर दोन पुड्या आण रे. भाव मात्र खरा लावून घे."