सीबीसी घ्या, पण स्लाइडसकट

सीबीसी म्हणजे रक्तपेशींची मोजणी: काही शे रुपये, जांभळ्या टोपणाच्या नळीत दोन-तीन मिलि रक्त आणि त्याच दिवशी रिपोर्ट. अक्यूट ल्युकेमियाचा, म्हणजे झपाट्याने वाढणाऱ्या रक्ताच्या कर्करोगाचा, पहिला सुगावा बहुधा सीबीसीतच लागतो. वेगाला पैकीच्या पैकी गुण. गुण कापायचे ते नुसत्या मशिनच्या छापील आकड्यांवर रिपोर्ट सोडणाऱ्या लॅबचे.

छोट्या लॅबमधला थ्री-पार्ट काउंटर पांढऱ्या पेशींचे आकारावरून तीनच ढीग करतो. ब्लास्ट, म्हणजे अपरिपक्व पेशी, त्याला ओळखू येत नाहीत. त्या कधी लिम्फोसाइट या छोट्या पांढऱ्या पेशींमध्ये मोजल्या जातात, कधी 'मिड'मध्ये, म्हणजे मधल्या आकाराच्या ढिगात. तेव्हा 'लिम्फोसाइट 85 टक्के' दिसलं की व्हायरल म्हणून मोकळं होऊ नये. हिमोग्लोबिन आणि प्लेटलेटही घसरलेत का ते बघावं. फाइव्ह-पार्ट मशिन 'ब्लास्ट?' असा इशारा देतं, पण तो इशाराच. पांढऱ्या पेशी नॉर्मल किंवा कमी असूनही ल्युकेमिया असू शकतो.

पैसे वसूल होतात ते स्मिअरमध्ये, म्हणजे काचेच्या स्लाइडवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलेल्या रक्तात. लीशमन रंग दोन मिनिटं, मग दुप्पट बफर पाणी घालून आठ-दहा मिनिटं. मोठ्या पेशी ओढल्या जाऊन स्लाइडच्या शेपटाला आणि कडांना जमतात. तिथे नजर न फिरवता दिलेला रिपोर्ट अर्धाच. ब्लास्टमध्ये ऑअर रॉडची लालसर काडी दिसली की आजार मायलॉइड, म्हणजे ल्युकेमियाच्या दोन मुख्य गटांपैकी एक (दुसरा लिम्फॉइड). काड्यांची मोळीच दिसली तर एपीएल या रक्तस्रावाचा धोका असलेल्या मायलॉइड प्रकाराची शंका धरून पीटी, एपीटीटी, फायब्रिनोजेन या रक्त गोठण्याच्या चाचण्या त्याच दिवशी कराव्यात. त्यांची निळ्या टोपणाची नळी खुणेपर्यंत भरावी, नाहीतर तिच्यातलं गोठणं रोखणारं सायट्रेट जास्त पडून गोठण्याची वेळ उगाच लांबलेली दिसते.

घरपोच सॅम्पल सेवा इथेच मार खाते. नळी आठ-दहा वेळा हलकेच उलटी-सुलटी केली नाही की गुठळी होते आणि प्लेटलेट खोट्याच कमी येतात. स्कूटरच्या डिकीत दुपारभर फिरलेल्या पेशी फुगतात, त्यांची केंद्रकं बिघडतात. मग पॅथॉलॉजिस्ट तरी काय ओळखणार? स्लाइड दोन-चार तासांत ओढलेली हवी. सेंटर लांब असेल तर सरळ लॅबमध्ये जाऊन रक्त द्यावं.

मुलाची सांधेदुखी किंवा कमी प्लेटलेट ल्युकेमियामुळेही असू शकतात; त्यावर स्मिअर न बघता स्टेरॉइड सुरू झालं, तर लिम्फोब्लास्ट (लिम्फॉइड गटातले ब्लास्ट) झपाट्याने घटतात आणि निदान लांबतं.

रक्तात ब्लास्ट पुरेसे असतील तर फ्लो सायटोमेट्री, म्हणजे पेशींवरच्या खुणांवरून त्यांचा प्रकार ठरवणारी चाचणी, रक्तावरही होते. नमुना बर्फावर ठेवू नये. पीसीआरला (जनुकांमधले बदल शोधणारी चाचणी) जांभळी नळी, कॅरिओटाइपला (गुणसूत्रांची तपासणी) हिरवी. हिरव्या नळीतलं हेपरिन पीसीआर बिघडवतं, म्हणून ही अदलाबदल झाली की पुन्हा सुई.